टब पत्र्याचा की फायबरचा : एका जुन्या जीपच्या कामाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसऱ्याला जीपची पूजा झाली आणि आज सकाळी टब, म्हणजे चेसिसवर बसणारा बॉडीचा उघडा, खोक्यासारखा भाग, उतरवण्यासाठी पहिला बोल्ट सोडवला. गाडी महिंद्रा एमएम ५४० आहे. चाकांमधले अंतर ९१ इंच, इंजिन प्यूजोच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल. थोरल्या भावाने ती घेतली, उमरेडकडच्या शेतावर वापरली, आणि त्याच्यामागे ती माझ्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. पुतण्याला ती पुन्हा रानवाटांवर न्यायची आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि स्प्रिंगचे पाटे यांविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो बॉडीविषयी. त्याचे म्हणणे, "काका, एकदाच फायबरचा टब बसवून टाकू, म्हणजे गंजाची कटकट जन्मभरासाठी जाईल." मी कर्मशाळेत तीस वर्षे पत्राकाम शिकवले असल्यामुळे माझा कल कुठे असणार हे त्याला ठाऊक आहे, आणि मलाही. म्हणूनच हा निर्णय तोंडी न घेता नोंदी ठेवून घ्यावा, असे ठरले.

आजची पाहणी साधी होती. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून संपूर्ण टबावरून फिरवला. दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्यांवर आणि मागच्या चाकांवरच्या कमानींपाशी तो चिकटलाच नाही. तिथे खरवडल्यावर सहा-सात मिलिमीटर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्यामागे पत्र्याऐवजी गंजाची जाळी. कोणीतरी कधीतरी भोकांवर जाळी ठेवून, पुट्टी लिंपून, वर सुंदर रंग मारून दिला होता.

२७ ऑक्टोबर २०२४

टब आज चेसिसवरून वेगळा झाला आणि अंगणात उलटा ठेवता आला. गंज कुठे आहे यापेक्षा तो कुठे नाही, हे पाहण्यासारखे होते. उघड्यावर, उन्हापावसात राहिलेल्या मोठ्या सपाट भागांवर तो केवळ वरवरचा आहे. फर्शीच्या खाली आडव्या लावलेल्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या जिथे फर्शीला ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडल्या आहेत, तिथे मात्र दोन पत्र्यांच्या सांध्यात काळी माती घट्ट बसली होती आणि तिने दोन्ही पत्रे खाऊन टाकले होते. स्क्रू ड्रायव्हरने ती माती उकरली तेव्हा आत ती अजून ओलसर होती, आणि गेले पंधरा दिवस तर पाऊस नाही.

कोकणातली गाडी खाऱ्या हवेने गंजते, तशी आपल्याकडची गंजत नाही. नागपूरची हवा वर्षातले सात-आठ महिने इतकी कोरडी असते की उघडा पत्रा बराच काळ तग धरतो. गाडीला मारते ती काळी माती, कारण ती पाणी धरून ठेवते, फुगते, सुकल्यावर आकसून फटीत आणखी आत सरकते आणि पुढच्या पावसात पुन्हा भिजते. म्हणजे लोखंड हा या गाडीचा मुख्य दोष नसून माती अडकू देणारी रचना हा मुख्य दोष आहे. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "फायबरमध्ये कितीही माती अडकली तरी काय बिघडणार?" मुद्दा बरोबर होता, म्हणून तसाच नोंदवून ठेवतो.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीचे दिवस संपले. आज वजनाचा हिशेब मांडला, कारण फायबरच्या बाजूचा दुसरा मोठा दावा हलकेपणाचा आहे.

वर्तमानपत्रे लावून टबाच्या सर्व पृष्ठभागांचे माप काढले. ते सुमारे ९ चौरस मीटर भरले. मूळ पत्रा १८ गेजचा, म्हणजे जवळपास १.२ मिमीचा आहे. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरली तर असा पत्रा चौरस मीटरला ९.४ किलो भरतो. नऊ चौरस मीटरचे ८५ किलो झाले, आणि खालच्या पट्ट्या व कोपऱ्यांचे आधार मिळून आणखी २५. एकूण ११० किलो.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि पॉलिएस्टर रेझीन. हाताने थापलेल्या कामात काच वजनाने साधारण तीस टक्के आणि उरलेले रेझीन असते, त्यामुळे त्याची घनता पाण्याच्या दीडपट येते. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट. इथवर फायबर जिंकते. मात्र ताठपणात ते फार मागे आहे: पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कल, तर अशा चटईच्या फायबरचा सहा ते आठ. वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असल्यामुळे हा फरक जाडी वाढवून भरून काढता येतो, आणि १.२ मिमी पत्र्याइतका ताठपणा मिळवायला फायबर साडेतीन ते चार मिमी जाड हवे. चार मिमीचे फायबर चौरस मीटरला ६ किलो भरते. नऊ चौरस मीटरचे ५४ किलो.

इथे थांबले तर वजन निम्मे झाले असे वाटते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण फर्शीवर माणसे उभी राहतात, जॅक ठेवला जातो, सीटचे बोल्ट ओढले जातात. तिथे आठ मिमी जाडी ठेवावीच लागेल, म्हणजे अडीच चौरस मीटरवर आणखी १५ किलो. शिवाय चेसिसवर बसणाऱ्या जागा, बिजागऱ्या आणि सीट यांच्यासाठी आत पोलादी चौकट थापावी लागेल, ती किमान २२ किलोंची. एकूण ९१ किलो. म्हणजे वाचले १९ किलो, आणि वीस लिटर डिझेलने भरलेला एक कॅन त्याहून जड असतो. आम्ही तर असे दोन कॅन मागे लटकवून फिरणार आहोत.

पुतण्याने आकडे दोनदा तपासले. त्याला चूक सापडली नाही, पण त्याचा चेहरा पाहून मलाच थोडे वाईट वाटले.

२४ नोव्हेंबर २०२४

उमरेड मार्गावरच्या एका फायबर कारागिराकडे गेलो. तो प्रामुख्याने कूलरची बॉडी, दारे आणि पाण्याच्या टाक्या बनवतो. नागपूरकराला फायबर आणि पत्रा यांच्यातला फरक समजावून सांगण्यासाठी खरे तर गाडीची गरजच नाही. घरोघरी उन्हाळ्यात दोन्ही जातींचे कूलर निघतात. लोखंडी कूलरचा तळ पाण्याने खाल्ला जातो आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याला डांबर फासावे लागते. फायबरच्या कूलरचा तळ शाबूत राहतो, पण उन्हाच्या बाजूची भिंत काही वर्षांत पांढुरकी पडते, वरचा थर उडतो, काचेचे तंतू उघडे पडतात आणि हात लागला की खाज सुटते. एकाला पाणी मारते, दुसऱ्याला ऊन. आमची गाडी दोन्हींत फिरणार आहे.

कारागिराने महत्त्वाचा प्रश्न विचारला: "नग किती पायजे?" एकच, म्हटल्यावर त्याने मान हलवली. फायबरचा नग काढण्यासाठी आधी साचा लागतो, आणि चांगला साचा हा नगापेक्षा दुप्पट जाड, बाहेरून लाकडाच्या किंवा लोखंडाच्या आधारांनी बांधलेला असतो. साच्यासाठी मूळ आकार निर्दोष हवा. आमचा मूळ टब गंजलेला आणि पोचे पडलेला असल्यामुळे फायबरचा टब करायचा तर आधी पत्र्याचा टब दुरुस्त करावा लागेल. हे ऐकून आम्ही दोघेही हसलो.

फायबर बॉडीच्या ज्या गाड्या यशस्वी झाल्या, त्यांच्यामागे हा साच्याचाच हिशेब आहे. अमेरिकेत १९५३ साली आलेल्या कॉर्व्हेटची बॉडी फायबरची होती, आणि पहिल्या वर्षी तिच्या केवळ ३०० गाड्या निघाल्या. एवढ्या कमी संख्येसाठी पोलादी पत्रा दाबणारे अवजड साचे बनवण्यापेक्षा फायबर परवडते. बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन याच मार्गाने गेली. म्हणजे हजारो नगांना दाबलेला पत्रा परवडतो, शे-दोनशे नगांना फायबर परवडते, आणि एकाच नगासाठी हाताने वाकवलेला व कापून जोडलेला पत्राच सोपा पडतो. जीपचा टब तर बहुतांशी सपाट पत्र्यांचा आहे. त्यात एकही खरी दुहेरी वक्रता, म्हणजे एकाच वेळी दोन दिशांनी वळणारा भाग, नाही.

८ डिसेंबर २०२४

कागदपत्रांचा विषय थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच ठाम केले आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. आमची एमएच ३१ क्रमांकाची गाडी त्या टप्प्यातून पुन्हा जायची आहे. संपूर्ण टबाची सामग्री बदलून तपासणीला उभे राहण्याची माझी तयारी नाही. ही भीती नसून, ज्या गाडीत घरची मुले बसणार आहेत तिचे कागद आणि गाडी एकमेकांशी जुळले पाहिजेत, असे माझे मत आहे. मडगार्डसारख्या बोल्टने सुटणाऱ्या, मूळ आकाराच्याच भागाबाबत मी स्वतंत्रपणे विचारून घेणार आहे.

५ जानेवारी २०२५

विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आणि लग्नसराईच्या गडबडीत डिसेंबर वाया गेला. आज प्रत्यक्ष चाचण्यांना सुरुवात केली.

पन्नास मिमी रुंदीच्या पट्ट्या कापून तीनशे मिमी अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवल्या आणि मध्यभागी दोन किलोचे वजन टांगले. १.२ मिमीचा पत्रा ८ मिमी वाकला. ४५० ग्रॅमच्या चटईचे चार थर दिलेली चार मिमीची फायबर पट्टी ६ मिमी वाकली, तीन थरांची १४. कागदावरचा हिशेब आणि टेरेसवरचे माप इतके जवळ आले की पुतण्याला ते पूर्वनियोजित वाटले. (४५० ग्रॅमचा एक थर भिजल्यावर साधारण एक मिमी जाडी देतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.) एक थर कमी केला की वाकणे दुपटीहून अधिक वाढते, म्हणून फायबरच्या कामात कारागिराने एखादा थर वाचवला तर तो डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला जाणवतो. पत्र्याची जाडी कॅलिपरने दुकानातच मोजता येते.

१९ जानेवारी २०२५

आज दगडाची चाचणी. रानात गाडीला खरा मार बसतो तो बेसॉल्टच्या धोंड्यांचा आणि तोडलेल्या सागाच्या बुंध्यांचा. तीन किलोचा दगड एक मीटरवरून दोन्ही नमुन्यांवर टाकला.

पत्र्याला वाटीएवढा खोल पोचा पडला. कुरूप, पण काय झाले ते सरळ दिसत होते. फायबरच्या रंगवलेल्या बाजूला फक्त केसासारख्या दोन रेषा उमटल्या आणि पुतण्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मग मी नमुना उलटा केला. मागच्या बाजूला तळहाताएवढा पांढरा तारा फुटला होता, म्हणजे तिथे थर एकमेकांपासून सुटले होते. नाण्याने ठोकल्यावर चांगल्या भागाचा आवाज टणक येत होता आणि त्या ठिकाणी बसका. या संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली. पत्रा आपली जखम दाखवतो. फायबर ती मागे लपवून ठेवते, आणि गाडीच्या टबाची मागची बाजू म्हणजे फर्शीखालची, चिखलाने माखलेली, कोणी न पाहणारी बाजू.

दुरुस्तीही करून पाहिली. फायबरची सुटलेली जागा घासून, तिच्या कडा बशीसारख्या निमुळत्या करून, तीन थर नव्याने थापले. काम दोन तासांचे, पण त्यासाठी कोरडी जागा, स्वच्छ पृष्ठभाग आणि सुकायला एक दिवस लागला. पत्र्याचा नमुना हिंगणा रस्त्यावरच्या आमच्या जुन्या डेंटर मिस्त्रींकडे नेला. त्यांनी मागे डॉली, म्हणजे टेकू द्यायचा पोलादी ठोकळा, धरून हातोडीने पंधरा मिनिटांत तो ऐंशी टक्के सरळ केला आणि म्हणाले, "भाऊ, पत्रा वाकते, पण घरी आणते. फायबर वाकत नाही, अन् तुटलं की रामटेकच्या जंगलात त्याचा कारागीर कुठं शोधसान?"

९ फेब्रुवारी २०२५

फायबरच्या टबाला विचारपूर्वक नकार देण्यापूर्वी उरलेले तीन प्रश्न निकालात काढले.

पहिला बोल्टचा. आठ मिमीचा बोल्ट फायबरच्या भोकातून कसून आवळला आणि आठवडाभर तसाच ठेवला. पुन्हा पाना लावला तेव्हा तो पाव वळसा फिरला. दाबाखाली रेझीन हळूहळू सरकते. भोकात पोलादी नळी आणि दोन्ही बाजूंना रुंद वायसर दिल्याशिवाय असा सांधा डिझेल इंजिनाच्या थरथरीत टिकणार नाही. रोल केज (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आणि सीटबेल्टचे आधार तर कोणत्याही परिस्थितीत चेसिसपर्यंत गेलेच पाहिजेत. ते फायबरच्या भरवशावर सोडता येत नाहीत.

दुसरा प्रसरणाचा. पोलाद एका अंशाला मीटरमागे १२ मायक्रोमीटर वाढते, चटईचे फायबर त्याच्या दुपटीहून थोडे अधिक. पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात पृष्ठभागावर चाळीस अंशांचा फरक धरला, तर दोन मीटर लांबीच्या भागात चेसिस एक मिलिमीटर वाढेल आणि टब दोन ते अडीच. भोके गोल ठेवली तर बोल्टच्या कडेने तडे जातात, म्हणून ती लांबट हवीत.

तिसरा प्रश्न अर्थिंगचा, आणि नवखे लोक इथेच फसतात. जुन्या जीपमध्ये दिवे, हॉर्न, डिझेलच्या टाकीतला काटा हे सारे बॉडीतूनच बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेले असतात. फायबर विजेचे वाहक नसल्यामुळे प्रत्येक उपकरणाला वेगळी अर्थ वायर ओढावी लागते. अवघड नाही, पण एक संपूर्ण वायरिंग नव्याने करावे लागते.

फायबरच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पत्र्याचा टब ढोलासारखा वाजतो, फायबरचा वाजत नाही. या जुन्या डिझेल इंजिनाबरोबर तीनशे किलोमीटर बसलेला माणूस या फरकाला किरकोळ म्हणणार नाही.

तरीही टब पत्र्याचाच होणार. पुतण्याने हे मान्य केले, मात्र पुढची दोन मडगार्ड फायबरची करून पाहायची, या अटीवर. ही अट मला पटली. मडगार्ड कोणताही भार वाहत नाही, सहा-सात बोल्टने सुटते, त्याची मागची बाजू चाक काढले की दिसते, आणि झुडपाला किंवा दरडीला घासले तर फायबर लवचीकपणे आत दबून परत येते, जिथे पत्रा कायमचा चेपतो आणि प्रसंगी टायरवर घासू लागतो. शिवाय आमचे डावे मडगार्ड जवळपास निर्दोष आहे, त्यामुळे साच्याला नमुना घरचाच. उजवे हे डाव्याचे आरशातले प्रतिबिंब असल्यामुळे एकाच साच्यातून दोन्ही निघत नाहीत, हे मात्र माझ्या उशिरा ध्यानात आले. उजव्यासाठी जुन्या मडगार्डाची डेंटिंग करावी लागेल.

२ मार्च २०२५

कोणता पत्रा, यावर दोन आठवडे गेले. अॅल्युमिनियमचा मोह होता. पहिली लँड रोव्हर १९४८ मध्ये अॅल्युमिनियमच्या बॉडीने आली, ती युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद नियंत्रित होते म्हणून, आणि त्या बॉड्या आजही दिसतात. पण अॅल्युमिनियम पोलादी चेसिसला ओलाव्यात टेकले की अॅल्युमिनियमच खाल्ले जाते, आणि त्याचे टिग वेल्डिंग करणारा माणूस रानवाटेवर मिळत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजाला उत्तम, परंतु वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, म्हणजे नेमक्या सांध्यांवर संरक्षण उरत नाही, आणि त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी ताप भरतो. माझ्या कर्मशाळेच्या दिवसांत तो मी एकदा अंगावर काढला आहे.

शेवटी इतवारीच्या बाजारातून साधा सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा आणला: बाजूंना १.२ मिमी, फर्शीला १.६. वजन आठ-दहा किलोंनी वाढेल. वाढू द्यावे, ते वजन गाडीच्या तळाशी आहे.

२३ मार्च २०२५

फर्शी बसली. खालच्या टोपीच्या पट्ट्या या वेळी जुन्या पद्धतीने बसवल्या नाहीत. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोके उघडी ठेवली, तळाला बारा मिमीची भोके पाडली, जोडणीच्या दोन्ही पृष्ठभागांना वेल्डिंग सहन करणारा जस्तयुक्त प्रायमर आधीच लावला, आणि वेल्डिंगनंतर फटी सीलरने बंद केल्या. माती आत जाणारच. तिला बाहेर यायला वाट असली पाहिजे. वेल्डिंग सीओटू वायूच्या यंत्रावर, ०.८ मिमी तारेने, एकदम लांब न ओढता एकेक इंचाचे टाके दूरदूरच्या ठिकाणी देत केले. मिस्त्रींनी दोन टाक्यांमध्ये पत्रा हाताला सोसवेल इतका थंड होईपर्यंत थांबायला लावले आणि मला वाटते फर्शी सपाट राहिली ती त्यांच्या या सबुरीमुळेच. एका ठिकाणी मी घाई केली. तिथे पत्रा बशीसारखा उचलला गेला आहे आणि पाय दिला की टक् असा आवाज करतो.

२० एप्रिल २०२५

पारा ४४ अंशांपलीकडे गेला आहे, म्हणजे फायबरच्या खऱ्या परीक्षेचे दिवस. गेले आठ दिवस टेरेसवर दोन पट्ट्या काळा रंग देऊन, दोन टेकूंवर, तेच दोन किलोचे वजन टांगून ठेवल्या होत्या. एक स्वस्त, सर्वसाधारण रेझीनची, ज्याला कारागीर ‘जीपी’ म्हणतात. दुसरी आयसोफ्थॅलिक रेझीनची. दुपारी अडीच वाजता काळ्या पृष्ठभागाचे तापमान ७१ अंश निघाले. सर्वसाधारण रेझीन साठ-सत्तर अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, आयसो त्याहून बरेच वर टिकते.

आज वजने काढली. जीपीची पट्टी ४ मिमी वाकलेलीच राहिली. आयसोची पट्टी जवळपास सरळ झाली. खाली कागद सरकवला तर जेमतेम अडकत होता. फायबरची मडगार्ड आयसो रेझीनचीच होतील आणि रंग फिका असेल. पुतण्याला काळा मॅट रंग हवा होता. त्याला हात लावून पाहायला सांगितले; त्याने पांढरा निवडला.

४ मे २०२५

मडगार्ड थापण्याचे काम पहाटे साडेचारला सुरू केले, कारण या उन्हात दुपारी रेझीन भांड्यातच जमते. एरवी दोन टक्के घालतात तो हार्डनर आम्ही एक टक्क्यावर आणला आणि तरीही एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त रेझीन कालवले नाही. कोबाल्टचा प्रवेगक आधीच रेझीनमध्ये मिसळलेला होता. ज्यांच्याकडे तो वेगळा असेल त्यांनी तो आणि हार्डनर कधीही थेट एकत्र आणू नये, कारण ते मिश्रण स्फोटासारखे पेटते. दोघांच्या बाटल्या आमच्या कारागिराने दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या पाहून मला त्याच्याविषयी आदर वाटला. डोळ्यांना चष्मा, नाकाला वाफेचा मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा.

साच्याला मेणाचे पाच हात, मग जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रेझीनचा थर, अर्धा मिमी, तो चिकट असतानाच पहिला हलका ३०० ग्रॅमचा थर, आणि नंतर ४५० चे तीन. दात्यांच्या रोलरने हवा काढण्याचे काम पुतण्याने केले. बोल्टच्या सहा जागांवर नळ्या आणि दोन जादा थर. सकाळी आठपर्यंत डावे संपले. उजवे पुढच्या रविवारी.

२५ मे २०२५

यंदा मेमध्येच अवकाळीने धुमाकूळ घातला आणि रंगकाम दोनदा थांबवावे लागले. टब चेसिसवर बसला. टबाच्या आत, पट्ट्यांच्या पोकळ्यांत, नळीने मेण फवारले. डावे मडगार्ड वजनकाट्यावर पत्र्याच्या जुन्या मडगार्डापेक्षा दीड किलोने हलके निघाले, म्हणजे दोन्ही मिळून तीन किलो. पुतण्याने हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. मी पुसलेला नाही.

पुढचे दिवे फायबरच्या मडगार्डात बसलेले नाहीत, ते समोरच्या पोलादी शोमध्येच (जाळीच्या दर्शनी पत्र्यात) आहेत. इंडिकेटर मात्र मडगार्डावर आहेत आणि जोडल्यावर ते लागलेच नाहीत. फेब्रुवारीत मीच लिहून ठेवलेली अर्थ वायरची नोंद मला पुतण्याने वाचून दाखवली.

१३ जुलै २०२५

८ आणि ९ जुलैच्या मुसळधार पावसानंतर वाटा थोड्या सुकू दिल्या आणि आज गाडी रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या पलीकडच्या कच्च्या रस्त्यांवर नेली. परवानगीची जमीन, ओळखीच्या शेतकऱ्यांची. चार तास, त्यांतला बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये आणि घोट्याएवढ्या चिखलात. उजवे मडगार्ड एका बांधाच्या दगडी कडेला चांगलेच दबले, परत आले, आणि वर घाणेरीच्या काट्यांचे ओरखडे राहिले. घरी आल्यावर चाक काढून मागून पाहिले आणि नाण्याने ठोकले: एका बोल्टच्या नळीजवळ रुपयाएवढी जागा बसकी वाजते. तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली आहे. रेघेबाहेर गेली तर थर चढवायचे.

टबाच्या डाव्या बाजूला, पायरीच्या वर, बुंध्याने एक पोचा पाडला आहे. रंग उडालेल्या जागी आजच प्रायमर लावला. मिस्त्रींकडे नेण्याइतका तो मोठा नाही.

फर्शीखालच्या पट्ट्यांत पाण्याची नळी धरली तेव्हा बारापैकी अकरा भोकांतून काळे पाणी आले आणि हळूहळू स्वच्छ झाले. बारावे भोक, मागच्या डाव्या कोपऱ्यातले, सीलर ओघळून आतून अर्धे बुजले आहे. उद्या ते चौदा मिमीपर्यंत वाढवायचे आहे.